उजवा कांदा

केसपेपरवर आमच्या रेश्माने घाईत लिहिलंय,
'उजवा कांदा उचलत नाही.'
मी खोडायला पेन उघडते
तर सर्जेराव शेडगे, वय सत्तेचाळीस,
टेबलावर बसल्या बसल्या म्हणतात,
"राहू द्या मॅडम. तोच उचलत नाही."

तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट, टोळी नंबर बारा,
सव्वीस वर्षं पाठीवर गोणी.
भिंतीला तळहात टेकवून ढकला म्हटलं
की उजवा फरा पाठ सोडून उभा राहतो,
खुराड्यातल्या कोंबडीने एकच पंख उघडावा तसा.
मुकादम म्हणतो, ढोंग आहे.
टोळीत मजुरी सारखी वाटतात,
त्यामुळे तिथे हा शब्द गोणीहून जड.

सानपाड्याच्या आमच्या खोलीत
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
मी जेल लावते. "जरा गार लागेल."
"लोण्यासारखं आहे," ते म्हणतात,
"आमच्या जावळीत बेंदराच्या आदल्या सांजेला
बैलांचे खांदे असेच मळतात. हळद नि लोणी.
तुमच्यात हळद घालत नाहीत वाटतं."

पूर्वी ही सुई मी बोटांनी बरगड्या मोजत घालायची.
पाचवी की सहावी, श्वास धरून,
त्यांचा नव्हे, माझा.
इथे स्नायू भाकरीएवढा जाड
आणि भाकरीच्या पाठीला लागून फुप्फुस.
एकदा चुकले होते.
ऐरोलीची मुलगी, तीन दिवस छातीत नळी.
तिचं नाव मी कुठे लिहून ठेवलेलं नाही.
गरज पडली नाही.

आता सोनोग्राफीचा दांडा काखेखाली फिरवते.
पडद्यावर करड्या रंगात माणूस उलगडतो,
कातडी, चरबी, मग एक पातळ पट्टा, नऊ मिलिमीटर,
बरगडीची पांढरी कमान, तिची काळी सावली,
आणि तळाशी एक लखलखती रेघ
श्वासागणिक मागेपुढे सरकणारी.
"ते काय हलतंय?"
"तुमचं फुप्फुस."
"मग त्याला धक्का नको."
"म्हणूनच तर बघतेय."

सुई तिरकी उतरते. पट्ट्यात थांबते.
मानेत, हाडाच्या जरा वर, मी झटका देते.
डावीकडून उत्तर आलं होतं साडेतीन मिलिसेकंदांत,
उभ्या कड्यासारखं.
उजवीकडे काही नाही.
थोडा वाढवते. त्यांचा जबडा आवळतो.
अजून थोडा.
तेव्हा सपाट रेघेवर एक बुटका उंचवटा,
पाच पूर्णांक आठवर,
उशिरा, पाय ओढत,
पण आला.

तीनदा घेते. तिन्ही वेळा तिथेच.
"शीर मेलेली नाही. दबलीये.
सहा महिने, वर्ष, सांगता येत नाही.
ओझं मात्र बंद."

ओझ्याबद्दल ते काहीच विचारत नाहीत.
"हा आकडा कागदावर येईल ना?
डावीकडचापण टाका.
नाहीतर मुकादम म्हणेल,
याची शीर जन्मापासूनच कामचुकार."

पुसायला कागद देते.
उजवा हात पोचत नाही, डावा वळसा घालून जातो,
अर्धं निघतं, अर्ध्यावर ते सदरा चढवतात.
"असू दे. जिरेल."

ते गेल्यावर चादर झटकते.
कांद्याचा एक पापुद्रा खाली पडतो, तांबूस,
ट्यूबलाइटसमोर धरला तर आत बारीक शिरा.
मशीनचा पंखा अजून घरघरतोय.
केसपेपरवरचा शब्द मी तसाच ठेवते.
रिपोर्टवर मात्र नीट लिहिते, खांदा,
ख ला ख,
मुकादम वाचणार आहे.